सरचिटणीस काशीराम आणि सुनेचा पेनड्राइव्ह

काशीराम तांब्यांच्या पडवीत एक कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरच्या जिवावर काशीराम तांबे गेली सतरा वर्षं वाडीच्या बौद्धजन मंडळाचे सरचिटणीस होते. याला दुसरंही काही कारण असेल, असं त्यांच्या बायकोला, चंपाकाकीलासुद्धा वाटत नसे. अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीतल्या कचेरीत त्यांची कारकुनीत हयात गेली. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे कारकून लांबून बघत राहिले, आणि काशीरामांनी मात्र पुढे होऊन मराठी टायपिंग शिकून घेतलं. पुढे स्वतःचं मशीन घेतलं. तेव्हापासून वाडीतली लग्नपत्रिका असो, मयताच्या पुण्यानुमोदनाची चिठ्ठी असो की मंडळाच्या मुंबई शाखेला पाठवायचं पत्र असो, सगळं त्यांच्या पडवीतूनच जायचं.

जायचं, पण सहजासहजी नव्हे. पत्रिका करायला आलेल्याने आधी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, चहा घ्यायचा, काशीरामांचा चष्मा पुसून होईपर्यंत थांबायचं. मग ते मशीनवरचं भरतकाम केलेलं फडकं उचलणार, घडी घालणार आणि म्हणणार, "सॉफ्टवेअर फक्त आमच्या मशीनीत हाय. ह्ये असं कुठंपन नाय चालत." मशीन बिघडलं की चिपळूणहून माणूस येई आणि अर्धा दिवस बसून एकेक सॉफ्टवेअर टाके, टायपिंगचं वेगळं, फोटोचं वेगळं, पत्रिकेचं वेगळं. त्या सीड्या चंपाकाकीच्या ट्रंकेत पातळांच्या खाली असत. चावी काशीरामांच्या जानव्याला असती असं म्हटलं असतं, पण वाडीत जानवं कोण घालतो. ती बनियनच्या खिशात असायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याचं, प्रथमेशचं लग्न झालं आणि देवरूखची आम्रपाली तांब्यांची सून झाली. प्रथमेश मुंबईला नोकरीला, ती गावी सासूजवळ. येताना तिने कॉम्प्युटर आणला नव्हता, याचं काशीरामांना आत कुठेतरी बरंच वाटलं होतं.

मग मंडळाचे अध्यक्ष बाळा तांबे यांच्या मुलीचं लग्न ठरलं. काशीरामांचं मशीन नेमकं चिपळूणच्या माणसाची वाट बघत पडलेलं. तो म्हणाला होता, गुरुवारी येतो. कुठला गुरुवार ते बोलला नव्हता. आम्रपाली शाळेत गेली, मॅडमना विचारून तिथल्या कॉम्प्युटरला आपला पेनड्राइव्ह लावला, आणि तासाभरात पत्रिका तयार करून बाळादादांच्या हातात दिली. सरकारी मशीन ते. त्यात काही टाकायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो मॅडमकडेही नाही, हे काशीरामांना पक्कं ठाऊक होतं.

"टाकलंस काय त्येच्यात?" त्यांनी तिला वाटेतच अडवलं.

"काय नाय टाकलं, काका. टाकावं लागतच नाय. सगळी सॉफ्टवेअरं ह्याच्यातच हायत. लावला की चालतात, काढला की मशीन होतं तसं."

"आसं कसं?"

"घरचा डबा न्यायचा आणि कुणाच्या ओट्यावर बसून जेवायचं, तसं. ओटा त्यांचा, जेवण आपलं." ती हसली. "कॉलेजात मशीनीत काय टाकू द्यायचे नाहीत. घरी मशीन नव्हतं. मग असं जमवलं. बघा, फुकट मिळतात, रीतसर. तुम्हालापन देऊ?"

"माझ्याकडे हायत," काशीराम म्हणाले आणि चालू लागले.

घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. काशीरामांना हेवा वाटला, उगाच दुसरं नाव कशाला द्या. तो तिच्या हुशारीचा नव्हता. हुशार माणसं त्यांनी कचेरीत पुष्कळ बघितली होती. तिला काहीच सांभाळावं लागत नव्हतं, याचा तो होता. फडकं नाही, ट्रंक नाही, चिपळूणच्या माणसाच्या मिनतवाऱ्या नाहीत. बोटाएवढी वस्तू लाल दोरीला बांधून गळ्यात अडकवायची आणि ज्याच्या दारी जावं त्याचं मशीन आपलं. आपली सतरा वर्षं एका पडवीत गेली, आणि ही बया ग्रामपंचायतीत बसते, अंगणवाडीत बसते, अलोऱ्याच्या झेरॉक्सवाल्याकडेसुद्धा बसते.

मग त्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. पेनड्राइव्ह म्हणजे रोग, ह्याच्या मशीनीतनं त्याच्या मशीनीत व्हायरस नेतो, असं त्यांनी वाडीभर सांगितलं. लोकांनी मान डोलावून ऐकून घेतलं आणि पत्रिका करायला आम्रपालीकडे गेले. प्लास्टिकच्या खुर्चीत आता मांजर बसू लागलं.

यात एकच गोष्ट काशीरामांच्या हातची उरली होती, ती म्हणजे स्मरणिका. छप्पन्न सालापासून वाडीत कुणी कुणी दीक्षा घेतली, कोण कुठल्या गिरणीत लागलं, कुणी पहिला विहार बांधायला जांभा दगड डोक्यावरून वाहिला, ही सगळी माहिती त्यांनी सात वर्षं घरोघर फिरून जमवली होती. म्हाताऱ्यांकडून नावं घेतली, जुने फोटो मागून आणले, दाभोळला दिलेल्या एका आत्याच्या घरापर्यंत जाऊन आले. ही मेहनत खरी होती आणि त्यांची एकट्याची होती. बुद्धपौर्णिमेला मुंबईकर गावी येतात तेव्हा दोन्ही शाखांची एकत्र सभा होते. यंदा त्याच सभेत स्मरणिकेची पानं दाखवायची होती आणि त्याच सभेत नवीन सरचिटणीस निवडायचा होता. मुंबई शाखेचा धम्मदीप फोनवर कुणाला तरी म्हणाला होता की आता जरा नवीन माणूस बघूया. ते फिरत फिरत काशीरामांच्या कानावर आलं होतं. स्मरणिका आपल्या हाताने दाखवली तर पद राहणार, नाहीतर गेलं, हा त्यांचा साधा हिशेब होता.

आणि स्मरणिकेचे फोटो घातल्याबरोबर त्यांच्या मशीनने मान टाकली. पान उघडायलाच पाव तास. शेवटी चंपाकाकीच जाऊन आम्रपालीला बोलावून घेऊन आली.

ती आली, पेनड्राइव्ह लावला आणि काशीरामांच्या खुर्चीत बसली. काशीरामांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसावं लागलं, मांजर उठवून. आठवडाभर ती रोज दुपारची येत होती. ते नावं सांगत, ती मांडत होती. पानं अशी उमटत होती की बघत राहावं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. काशीरामांच्या आजाचा धूसर फोटो तिने स्वच्छ करून दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हिच्यामुळे आलं म्हणून रागही आला.

सभेला पाच दिवस असताना देवरूखहून फोन आला, तिची आई पडली होती. ती घाईघाईने निघाली. "काका, पेनड्राइव्ह राहू दे इथंच लावलेला. तुम्हाला सोपं पडावं म्हणून पडद्यावर दोन चित्रं काढून ठेवलीत, एक सॉफ्टवेअरचं, एक स्मरणिकेचं. दाबलं की उघडेल. शुद्धलेखन तेवढं बघून ठेवा. दुसरी प्रत नाय हां माझ्याकडे."

काशीरामांनी शुद्धलेखन बघितलं नाही. ते चिपळूणला गेले आणि नवा कोरा पेनड्राइव्ह घेऊन आले. तो तिच्या पेनड्राइव्हच्या शेजारच्या भोकात लावला, आणि पडद्यावरची ती दोन चित्रं उचलून त्याच्यात टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. दाबून बघितलं तर सॉफ्टवेअर उघडलं, स्मरणिकाही उघडली. एवढंच होतं होय हिचं शास्त्र! काशीराम एकटेच हसले. दोन दिवसांनी चंपाकाकीने स्मरणिकेचं कसं होणार म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "आता मलापन येतं."

त्यानंतर तिचा पेनड्राइव्ह त्यांनी काढला आणि खिशात घातला. आम्रपाली सभेच्या आदल्या दिवशी परत आली ती थेट पडवीत. "काका, माझा पेनड्राइव्ह?"

"तू न्येलास की."

"नाय हो. मी इथंच ठेवला."

"मग असंल कुठंतरी. माझ्याकडे नाय." आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बेताचाच निघाला.

तिचा चेहरा पडला. दोन वर्षांचं सगळं काम त्यात होतं. चंपाकाकीने उशांचे अभ्रे उलटेपालटे केले, कपाटाखाली झाडू घातला. काशीराम खुर्चीत बसून खिशावर हात ठेवून बघत होते. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा सुटकेची भावना मोठी होती. उद्या पडद्याजवळ ती नसेल, आपण असू.

सकाळी सभा शाळेत भरली. त्रिसरण-पंचशील झालं. मुंबईकर पुढे बसले, बायका खिडकीच्या बाजूला. काशीराम पांढरा शर्ट घालून शाळेच्या कॉम्प्युटरपाशी उभे राहिले, छोटंसं भाषण केलं, आणि आपला नवा पेनड्राइव्ह लावला. प्रोजेक्टरमधून भिंतीवर दोन चित्रं दिसली. त्यांनी स्मरणिकेचं दाबलं.

इंग्रजीत एक चौकट आली. जिथे जायचं ती जागा सापडत नाही, असं काहीसं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट. दुसरं चित्र दाबलं. त्याचीही तीच गत. पेनड्राइव्ह काढून पुसला, उलटा घातला, गेला नाही, सुलटा घातला. मागून कुणीतरी खोकलं. धम्मदीप घड्याळ बघत म्हणाला, "काका, तयारी नव्हती का?"

आम्रपाली उठून जवळ आली. तिने भिंतीवरची चित्रं बघितली आणि हळूच म्हणाली, "काका, ह्या नुसत्या खुणा हायत. वाट दाखवणाऱ्या. सॉफ्टवेअर आणि स्मरणिका दोन्ही माझ्याच पेनड्राइव्हात. तो लावलेला होता म्हणून तुमच्याकडे उघडलं असेल."

एवढं बोलून ती थांबली. त्या खुणा तिने फक्त काशीरामांच्या मशीनवर काढल्या होत्या, त्याही निघताना. म्हणजे तिच्यामागे हे उघडलं होतं, आणि उघडलं तेव्हा पेनड्राइव्ह तिथेच होता. तिच्या डोळ्यांत हे सगळं एकेक करून येताना काशीरामांना दिसलं. खिशातली ती बोटाएवढी वस्तू छातीला जड झाली. ती घरी ठेवायची त्यांची छाती झाली नव्हती. चंपाकाकीला सापडली असती.

आता ती बोलणार. साठ माणसांसमोर बोलणार.

"काका," आम्रपाली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तुमच्याकडे सांभाळायला दिलेला तो काढा ना. तोच लावूया. नवीन कशाला?"

काशीरामांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. म्हातारा विसरला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. फक्त खिडकीपाशी बसलेल्या चंपाकाकीने तोंडाला पदर लावला आणि नवऱ्याकडे जे बघितलं, ते त्यांना पुढचा महिनाभर जेवताना आठवणार होतं.

स्मरणिका उघडली. भिंतीवर वाडीची माणसं एकामागून एक आली. कुणी आपली आजी ओळखली, कुणी उठून फोटोला हात लावून आलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं, संकलन काशीराम तांबे. पानांमागून पानं सरली, तिचं नाव कुठेच नव्हतं. टाळ्या काशीरामांना पडल्या. ते उभे राहून त्या घेत होते आणि आत जळत होते. स्वतःचं नाव घालायची तिला गरजच वाटली नव्हती! त्यांचं नाव तेरा वेळा तरी आलं असेल. चोरी पकडून ती झाकणं, वर टाळ्या दुसऱ्याला देणं, एवढी श्रीमंती या पोरीकडे आली कुठून? तिच्या सॉफ्टवेअरचा त्यांना जेवढा हेवा वाटला होता, त्याच्या दसपट या गोष्टीचा वाटला.

मग निवडीचा विषय आला. धम्मदीप उठला आणि काकांचे आभार मानून म्हणाला, "सरचिटणीसपदासाठी मी आम्रपाली प्रथमेश तांबे यांचं नाव सुचवतो."

अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक कोन?"

कुणी हात वर केला नाही. आत्ताच टाळ्या घेतलेल्या म्हाताऱ्यासमोर कोण करणार? सगळे जमिनीकडे बघत राहिले. अनुमोदक नाही म्हणजे नाव बाद. पद राहत होतं. काशीरामांना फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात आम्रपाली जागेवरून उठू लागली. तिचं तोंड उघडण्याआधीच ती काय बोलणार हे काशीरामांना कळलं. काकाच राहू देत, असं म्हणणार होती. सगळ्यांसमोर पद त्यांच्या पदरात टाकून देणार होती. एका सकाळी दुसऱ्यांदा!

"अनुमोदन!" काशीराम जवळजवळ ओरडलेच. "काशीराम तांब्यांचं अनुमोदन. लिवा. नाय तर राहू दे, मीच लिवतो."

क्षणभर कुणाला कळेना. मग बाळादादांनी टाळी वाजवली आणि सगळा वर्ग वाजवू लागला. मन मोठं हाय काकांचं, असं मागून कुणी म्हणालं. चंपाकाकीने कपाळावर हात मारून घेतला. काशीरामांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली, सूचकाचं नाव लिहिलं, त्याच्याखाली आपलं नाव ठळक अक्षरात लिहिलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं. आम्रपाली अजून तशीच अर्धवट उभी होती. सतरा वर्षं सरचिटणीस असताना त्यांना कधी वाटलं नव्हतं इतकं त्यांना त्या घटकेला बरं वाटलं.