रेजिनाच्या गाडीखाली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही माहीत नाही, आणि तिला माझं सगळं माहीत असतं. डब्यातली भाजी ऑफिसच्या बिनमध्ये टाकली तरी तिला संध्याकाळी कळतं. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. दमलोय, एवढंच खरं. सात वर्षं तोंड घट्ट मिटून बसायचं म्हणजे काही खायचं काम नाही.

तर — सुरुवात कुठून करू? गाडीपासूनच करतो.

आमच्या गुंगालिनमध्ये, म्हणजे कॅनबेराच्या या उपनगरात, सेकंड-हँड गाडी कुणी एकटं बघायला जात नाही. घेणारा एक आणि बघायला जाणारे चार. त्या चौघांत मी असायचाच. कारण काय, तर नाशिकला मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला होता. त्यानंतर इकडे क्लेटनच्या विद्यापीठात येऊन आयटीत मास्टर्स केलं, मग कॅनबेराला आलो, आणि तेव्हापासून सरकारी खात्यांत कॉन्ट्रॅक्टवर डेटाबेस सांभाळतोय. हात काळे असे कधी झालेच नाहीत. पण हे कोण लक्षात घेतो? 'महेशदादाला न्या, त्याला गाडीतलं कळतं.' मीही कधी नाही म्हटलं नाही. बॉनेट उघडायचं, ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्यायचा, टायरला दोन लाथा मारायच्या आणि 'हं' म्हणायचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. ऑफिसात माझ्या तोंडाकडे कोण बघतंय हो?

रेजिना वसईची. ती आणि तिचा नवरा मेल्विन आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. नाताळला तिच्याकडून करंज्या येतात, दिवाळीला आमच्याकडून चकल्या जातात, आणि चकल्या मऊ पडल्या तर ती तोंडावर सांगते. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालण्यापासून तिने इथे सुरुवात केली होती. शिफ्ट करत करत शिकली, नर्स झाली, आणि चाळिशीला टेकली तेव्हा तिला हवी तशी नोकरी लागली. कूमाच्या आसपास गावा-शेतांवर गाडीने हिंडायचं, घरोघरच्या पेशंटची ड्रेसिंग बदलायची, औषधं बघायची. इथून सव्वा-दीड तासाचा रस्ता, आठवड्यातले तीन दिवस. तो भाग उंचावरचा. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ, सकाळी डांबरावर न दिसणारा काचेसारखा थर. पण बाई काय खूश होती! म्हणायची, 'महेश, आता मला वरून हुकूम सोडणारं कुणी नाही. मी, माझी गाडी आणि माझे पेशंट.'

म्हणून तिला ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही हवी होती. जुनी चालेल, पण चारही चाकांना जोर असलेली. हे एकच तिने मला निक्षून सांगितलं होतं. रंग कुठलाही असू दे, सीट फाटकी असू दे, ते एक तेवढं बघ.

मे महिन्यातला शनिवार होता, म्हणजे इथे हिवाळ्याची सुरुवात. सकाळी आठला एका आजींच्या घरी गाडी बघायला गेलो. आजींचे मिस्टर वारले होते, गाडी त्यांची. मी विचारलं, ही ऑल-व्हील आहे ना? आजी म्हणाल्या, 'आय थिंक सो, लव्ह.' वाटतं तसं. त्या बिचारीला काय ठाऊक? तेच मॉडेल दोन्ही प्रकारांत येतं आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. खात्री करायचा सोपा उपाय म्हणजे खाली आडवं होऊन मागे बघायचं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा दिसला, पुढून त्याच्यापर्यंत आलेला दांडा दिसला, तर ऑल-व्हील. नाही दिसला तर नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

गाडी गवतावर उभी होती. गवतावर दव गोठलेलं, खाली चिखल. आणि मी — आता हसू नका — मी मोतिया रंगाचा कडक इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो होतो. अकरा वाजता एकांकडे बारसं होतं, तिथून परस्पर जायचं होतं. मी गुडघे जरासे वाकवले, मान तिरकी केली, मागच्या बंपरखाली बघितल्यासारखं केलं. दिसलं काहीच नाही. उठलो, हात झटकले — हाताला काही लागलेलंच नव्हतं — आणि म्हणालो, 'आहे, आहे. ऑल-व्हीलच आहे.'

एवढंच असतं तर मी आज बोलत बसलो नसतो. आळशीपणा केला, थाप मारली, चुकलो. माणूस चुकतो. पण ते एवढंच नाही.

गाडी घरी आली तेव्हा आमच्या हिने चाकांखाली लिंबं ठेवली, दुसऱ्या दिवशी मेल्विनने फादरना बोलावून पवित्र पाणी शिंपडून घेतलं. दोन्हीकडचे आशीर्वाद, आता गाडीला काय होतंय, असं म्हणून सगळे हसलो. तीन आठवड्यांनी रेजिना ती घेऊन माझ्या ड्राइव्हवेत आली. खालून काहीतरी खडखडतंय म्हणाली. या वेळी माझ्या अंगावर जुनी ट्रॅकपँट होती. जुन्या कार्पेटचा तुकडा टाकला आणि पाठीवर झोपून आत सरकलो. प्लास्टिकचं एक झाकण लोंबत होतं. ते बांधलं. आणि मग सहज मान मागे वळवली.

मागे काही नव्हतं. गोळा नाही, दांडा नाही. दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये सरळ आरपार पलीकडचं कुंपण दिसत होतं.

मी तिथेच पडून राहिलो. किती वेळ? दोन मिनिटं असतील. तिचे शूज दिसत होते, पांढरे, ड्युटीवरचे. वर ती माझ्या बायकोने दिलेला चहा पीत होती. बाहेर यायचं आणि सांगायचं — बाई, चुकलो, ही फक्त पुढच्या चाकांची आहे, परत विकून टाकू, मी दुसरी शोधून देतो. काय झालं असतं? तिने दोन शिव्या घातल्या असत्या. ग्रुपवर आठवडाभर माझी टर उडाली असती. बस्स. याच्यापलीकडे काय होणार होतं, सांगा ना!

मी बाहेर आलो. तिने विचारलं, 'सगळं ठीक ना रे?' मी म्हणालो, 'नो वरीज.'

मग तिने विचारलं — आणि हे मला तिच्या आवाजासकट आठवतं — 'मग चेन नको ना घ्यायला? सगळे म्हणतात, ऑल-व्हीलला लागत नाहीत.' बर्फात चाकांना गुंडाळतात त्या साखळ्यांबद्दल विचारत होती. दोनच चाकांना जोर असलेल्या गाडीला तर त्या हव्याच. गोष्ट सांगायची नव्हती तर निदान 'घे, असू देत गाडीत' एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही नाही म्हणालो. का? चेन घे म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का? म्हणून म्हणालो, 'नको. कशाला?'

हे ते. इथपर्यंत यायला मला बारसं, कुर्ता, लिंबं सगळं लागलं.

जुलैत ती एका पेशंटच्या शेतावर जात होती. चढाचा कच्चा रस्ता, पहाटे बर्फ पडून गेलेलं. निम्म्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी मागे घसरत गेली, वळली, खालच्या नाल्यात आडवी झाली. उजवा खांदा आणि मनगट मोडलं. एका शेतकऱ्याने बाहेर काढेपर्यंत तासभर ती तिथे थंडीत अडकून होती. गाडी टो करून नेली ती गेलीच, परत कुणी खाली वाकून बघितली नाही. त्याचं मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो — पहिल्यांदा तेच वाटलं.

आम्ही हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. ती हळूच मला म्हणाली, 'महेश, मागची चाकं काही करतच नव्हती असं वाटलं मला.' नर्स आहे ती. काय घडतंय ते बरोबर टिपायची सवय तिला. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'तू घाबरून अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबलास. नवशिक्यांचं असंच होतं.' मेल्विन मान डोलवत होता. ती छताकडे बघत म्हणाली, असेल.

खांदा भरून आला. पण त्यानंतर ती स्टीअरिंगला बसली नाही. दोनदा प्रयत्न केला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. कूमाची नोकरी सोडली. आता ट्रॅमने शहरात जाते आणि एका ऑफिसात बसून दुसऱ्या नर्सेसच्या ड्युट्या लावते. कोण कुठल्या शेतावर जाणार, कुठल्या रस्त्याने जाणार, ते फोनवर सांगते. चांगलं काम आहे म्हणते. करंज्या अजून येतात. चकल्या मऊ पडल्या तर आता काही बोलत नाही.

आणि मी? दरवर्षी जूनमध्ये आमच्या मंडळात नव्या आलेल्यांना मी हिवाळ्यात गाडी कशी घ्यायची, कशी चालवायची ते सांगतो. हो, अजून मीच. आणि दरवर्षी उदाहरण देतो — नाव न घेता, पण हसून तिच्याकडे बघत — की नुसती ऑल-व्हील घेऊन भागत नाही, चालवणाऱ्यालाही यायला हवं. लोक हसतात. ती पण हसते. 'रेजिनासारखं करू नका' हे आता आमच्याकडे पोराटोरांच्याही तोंडी आहे. तिची स्वतःची मुलगी म्हणते, 'मम कान्ट ड्राइव्ह.' त्या पोरीने आईला बर्फातून एकटीने गाडी नेताना कधी बघितलंच नाही, तेव्हा ती तीन वर्षांची होती.

कधी मनात येतं, ऑल-व्हील असती तरी घसरली नसती कशावरून? पुष्कळ वेळा स्वतःला हे सांगून बघितलंय. ते खरंही असेल. पण चेन? आणि हॉस्पिटलमधलं ते?

या जूनमध्ये माझं बोलून झाल्यावर एक नवी मुलगी उठली. तिला यास नावाच्या गावाजवळ नोकरी लागली होती, रोज इथून जायचं होतं, आणि ती घाबरली होती. मी काही बोलायच्या आत रेजिना उभी राहिली. चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, 'घाबरू नकोस गं. महेशदादाला गाडी दाखव आणि तो सांगेल ते ऐक. माझी गाडी त्यानेच बघून दिली होती, एकदम चांगली होती. चूक माझी झाली. मला चालवता येत नव्हतं, हे मला मान्य करायला वेळ लागला, एवढंच.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढ्या मोकळ्या मनाने बोलली, म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या.

रेजिनाला गाडी उत्तम चालवता यायची.