तीन वाजेपर्यंत

आमच्या गल्लीतली ती बाई पाण्याच्या टँकरवर सगळ्यांशी भांडते, पण आधी शेजारच्या म्हातारीचा पाण्याचा गुंड भरून देते. यंदा ती महापालिकेला अपक्ष उभी राहिली. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी ती धावत माझ्याकडे आली.

"मले लपव वं. पक्षवाल्यांनी माह्या नवऱ्याले पटवलं. तीनच्या आत सापडली, तर नेऊन सही घेतील."

एरवी तोंड न मिटणारी ती मुकाट्याने माझी मेथी निवडत बसली. थोड्या वेळाने तिचा नवरा दारात आला.

"इकडं आली काय वं?"

मी पुरुषांशी फारशी बोलत नाही. तरी दार अडवून म्हटलं, "नाही."

तीन वाजून गेल्यावर ती पदर खोचून उठली.

"आता कुठं?"

"घरी. पहिलं मत त्यालेच मागाचं हाय."