सुमनबाईंची कापलेली ओळ

सुमनबाई गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, दुपारच्या डुलकीत... फोन कुणाचाच नाही, नुसता गटावर आलेला मजकूर. दुसऱ्या दिवशी चार पेपरांत तोच मजकूर शब्दाला शब्द, आणि चारही ठिकाणी त्या ‘निवृत्त शिक्षिका’! बाईंनी उभ्या जन्मात एक दिवस शाळेत शिकवलं नाही. सिंदेवाहीच्या त्या आमच्या वार्ताहर, वीसेक वर्षं. छापणाऱ्यांपैकी एकानेही घरी फोन करून विचारलं नसेल. आधी मला राग आला, मग रडूच आलं. तेव्हापासून डोळा लागला की त्यांचा आवाज येतो, “लिवा भाऊ...”

मी चंद्रपूरला डेस्कवर होतो, म्हणजे तालुक्याच्या बातम्या कापूनकुपून जागेत बसवणारा. बाई संध्याकाळी फोनवर बातमी सांगायच्या. मागे बकऱ्यांचा आवाज, कुठेतरी धान झोडपणं चाललेलं... लिहिता लिहिता वाटायचं, मी खुर्चीत नाहीच, बाईंच्या गाडीवर मागे बसून धुक्यातल्या धानाच्या बांध्यांमधून चाललोय. त्या स्वतः गेल्याशिवाय लिहीत नसत, आणि त्यांची एक खोड होती. काय कळलं नाही, तेही बातमीच्या शेवटी सांगायच्या. ‘पूल कोणी बांधला ते कळलं. कशाने खचला ते अजून कळलं नाही.’ मी वैतागायचो. “बाई, आपल्याला माहीत आहे तेवढंच सांगायचं असतं!” त्या हसायच्या. “अन् माईत नाई ते कोन सांगन, भाऊ?” मी हो हो म्हणायचो आणि फोन ठेवला की ती ओळ उडवायचो. रोजच.

एकदा वाघाने देवाजी नावाच्या माणसाला मारल्याची बातमी आली. सरकारी पत्रकात होतं, तो सरपणासाठी बंदीच्या रानात शिरला. गावकरी म्हणत, तो आपल्या शेतातच होता. बाईंनी फोनवर दोन्ही बाजू सांगितल्या आणि शेवटी, ‘तो नेमका कुठे होता ते अजून कळलं नाही, उद्या जाऊन पाहणार.’ मी ती ओळ कापली, गावकऱ्यांचं म्हणणंही कापलं, आणि ‘रानात शिरला’ असं ठोकून वर बाईंचं नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. “भाऊ, तो सोताच्या वावराच्या धुऱ्यावर होता, बांधावर. म्या पाहून आली. धान पडलं हाय, रगत तिथीच हाय.” मी म्हटलं, “बाई, ती बातमी शिळी झाली आता.” त्यांनी फोन ठेवला... पुढे पेपराने वार्ताहर कमी केले. ज्याच्याबद्दल बातमी, तोच ती लिहून पाठवू लागला, फोटोसकट. यादीतून बाईंचं नाव गेलं, आणि मी मेल्याने एक फोनसुद्धा केला नाही.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर बहीण म्हणाली, बाई दरवर्षी देवाजीच्या गावाला जात. मला ठाऊकच नव्हतं. तसाच उठून तिकडे गेलो. घरापुढच्या सपरीत देवाजीची बायको यशोदाबाई धान पाखडत होती. बाईंचं नाव काढताच तिने सूप खाली ठेवलं. “इथी बसत, या खांबाले टेकून. पयल्यांदा आल्या तवा माह्या पाया पडल्या. म्हनल्या, चूक माही हाय, म्या न पाहता लिवलं.”

माझं नाव सुमनबाईंनी इथे एकदाही घेतलं नव्हतं. त्या खांबापाशी मला बसवेना. उभ्याउभ्याच म्हणालो, “बाई, चूक त्यांची नाही. ती ओळ मी कापली.”

यशोदाबाईने सूप पुन्हा उचललं आणि उरलेलं धान पाखडून संपवलं. ऊन अंगणातून सरकत सपरीपर्यंत आलं... मग म्हणाली, “पोरगं मोठं झालं. लोकं अजून म्हनते, तुहा बाप चोरून रानात गेल्ता. मंग आता तरी छापता का जी?”

छापतो, म्हणालो. हे लिहून पुरवणीला पाठवतोय, तिच्या संपादकांना हात जोडून सांगतो, जागा कमी पडली तर माझं सगळं रडगाणं कापा, एवढं ठेवा. देवाजी रानात शिरला नव्हता. तो आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा होता, आणि हे सुमनबाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन पाहिलं होतं.