फुगलेलं कपाट

वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि आमच्या बेडरूमचं छत ओलं झालं. घराचा विमा होता, म्हणून कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला आला. काकूही खाली आल्या आणि अवघडून दाराशीच उभ्या राहिल्या.

छताचे फोटो काढून झाल्यावर सर्व्हेअरने कोपऱ्यातल्या फुगलेल्या कपाटाकडे पाहिलं. "हेही याच गळतीमुळे?"

ते कपाट मागच्या उन्हाळ्यात आमच्याच कूलरच्या पाण्याने फुगलं होतं. तेव्हा काकूंनी माझ्याबरोबर फरशी पुसली होती.

"हो," मी म्हणालो.

विचार करून खोटं बोललो असतो, तर निदान स्वतःशी थोडं भांडलो तरी असतो. पण ते इतकं सहज तोंडून गेलं, की असं याआधी किती वेळा झालं असेल, हे आठवायचीच भीती वाटली.

सर्व्हेअरने काकूंना विचारलं, "तुम्हाला मान्य आहे ना?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो. माझ्यामुळेच झालं सगळं."

तो गेल्यावर मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "छत वाळेपर्यंत लेकीला इथे झोपवू नकोस. सर्दी होईल तिला. वर पाठव माझ्याकडे."

त्या जिना चढून जाईपर्यंत मला मान वर करता आली नाही.