बाकाच्या कडेला

दौंडहून पुण्याला जाणारी आमची सकाळची पॅसेंजर रोज खच्चून भरलेली असते. काल सरकारी सुट्टी होती, आणि आमच्यासारखे सुट्टी नसलेले चार-पाच जण सोडले तर डबा रिकामा होता. समोरच्या बाकावर रोजच्या ओळखीचे एक काका बसले होते. पण अगदी कडेला, पिशवी मांडीवर घेऊन, कोपरं अंगाशी आवळून. शेजारी तीन माणसांची जागा मोकळी.

“काका, नीट बसा की. सगळा बाक तुमचाच आहे.”

“असू दे,” ते म्हणाले. “सवय मोडली तर उद्या जड जाईल.”

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. गाडीतून उतरलं की गर्दी संपते, असं मी समजत होतो. पण ती अंगात मुरते. घरी जेवतानाही माझी कोपरं बरगड्यांना चिकटलेली असतात, असं बायको म्हणते. आपण रोज थोडे थोडे आखडत जातो, आणि वर त्याला सवय म्हणतो.

माझ्या बॅगेत पासधारकांचा अर्ज होता, मीच लिहिलेला. ‘डबे वाढवून निदान नीट उभे राहण्यास जागा द्यावी.’ मी ‘उभे राहण्यास’ खोडलं, वर ‘बसण्यास’ लिहिलं आणि कागद सहीसाठी काकांपुढे धरला.

“बसायला?” ते म्हणाले. “एवढं मागितलं तर हसतील हो.”

तरी त्यांनी पेन घेतलं. खाली अर्धं पान कोरं होतं. काकांनी अगदी कडेला, बारीक अक्षरात सही केली.