मशीनला पात लागते

रत्नमाला हिवराळेचा ट्रॅक्टर खुलताबादचा उतार उतरून चतुराबाईंच्या शेताशी आला आणि समोर पाहताच तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागे जोडलेला बेलर, काडाचे गठ्ठे बांधणारे यंत्र, हिसका देऊन थांबला.

शेत झाडून काढल्यासारखे लख्ख होते. काल हार्वेस्टरने गहू काढला, तेव्हा त्याच्यामागे काडाच्या लांबच लांब ओळी पडलेल्या तिने स्वतः पाहिल्या होत्या आणि त्या बघूनच आजचे काम घेतले होते. आता त्यातली एकही ओळ शिल्लक नव्हती. शेताच्या मधोमध त्या काडाची घराएवढी सुडी रचलेली होती आणि तिच्या शेजारी पदर कमरेला खोचून चतुराबाई उभ्या होत्या.

"ये गं, कडूबाईची सून! तुझं निम्मं काम करून ठिवलंय. लई पसारा पडला व्हता रानात. सकाळीच बाया लावल्या आन् समदं गोळा केलं."

"काकू," रत्नमाला खाली उतरत म्हणाली, "तुम्ही माझं काम निम्मं नाय, दुप्पट केलं."

चतुराबाईंचा चेहरा पडला. सगळे आयुष्य त्यांनी हेच केले होते. मळणी झाली की चारा गोळा करायचा, नीट रचायचा. रानात चारा पसरलेला दिसला तर येणारा-जाणारा नावे ठेवायचा. पण बेलरचे उलटे असते. त्याला ढीग नको, ओळ हवी. जमिनीवर सैल पडलेली, सरळ, त्याच्या तोंडाएवढ्या रुंदीची ओळ.

चतुराबाईंच्या दृष्टीने आजचा दिवस साधा नव्हता. त्यांच्या गोठ्यात दोन गाई होत्या, तांबडी आणि बांडी. त्यांचा मुलगा काकासाहेब गारखेड्यात राहून नोकरी करायचा आणि सुट्टीला शेतावर यायचा. मागच्या वर्षी सुडी रानातच राहिली. निम्मी भिजून काळी पडली, उरलेली मोकाट जनावरांनी उधळली. घराजवळची शेड लहान, तिथे सुटे काड मावत नाही. हार्वेस्टरने तुटलेल्या काडाची पेंढीही बांधता येत नाही. तेव्हा काकासाहेबाने आईला सरळ सांगितले होते, चारा बांधून शेडमध्ये आला तर गाई राहतील, नाही तर बद्रीनाथ व्यापारी उद्या सकाळी येऊन घेऊन जाईल. बेलर उद्यापासून फुलंब्रीकडे जाणार होता. म्हणजे जे व्हायचे ते आजच.

रत्नमालेला हे सगळे ठाऊक होते. गाई विकायच्या नाहीत, म्हणून चतुराबाईंनी तिच्या घरी तीन चकरा मारल्या होत्या.

रत्नमालेविषयी थोडे सांगायला हवे. गावातल्या महिला गटाला हा बेलर मिळाला, तेव्हा तो चालवायला एकही पुरुष गवसला नाही. सगळ्यांना ट्रॅक्टर हवा होता, मागचे धूड नको होते. रत्नमालेने आयुष्यभर कडब्याच्या पेंढ्या बांधल्या होत्या. तिची सासू कडूबाई तर पेंढी बांधण्यात पंचक्रोशीत नाव काढलेली. रत्नमाला म्हणाली, "गाठ मारायचंच काम हाय ना? मग ते आमच्या घरातलंच हाय." ट्रॅक्टर ती शिकली. पण यंत्र गाठ मारते कसे, हे कळेपर्यंत तिला चैन पडेना. इंजिन बंद ठेवून ती बेलरचे जड चाक हाताने सावकाश फिरवत बसायची. सुतळी कुठून येते, चिमटा ती कुठे धरतो, गाठ मारणारी लोखंडी चोच कशी वळते, हे बघून बघून तिने पाठ केले. शेवटी सासूला अंगणात बोलावून तिने दाखवले. कडूबाई निरखून म्हणाली, "माझ्यावानी नाय मारत. पण सुटत नाय, येवढं खरं."

बांधावरून काकासाहेब लगबगीने आला. "ताई, एक करा. बेलर सुडीला भिडवा. खाईल तेवढं खाईल."

"भाऊ, हा काय हत्ती हाय का?"

"कडेकडेने घ्या की. करून तर बघू."

रत्नमालेने सुडीच्या कडेकडे पाहिले. कड बरीच उतरती होती. वेळही चालला होता. जमेल असे तिलाही वाटले. तिने ट्रॅक्टर अगदी हळू पुढे घेतला. बेलरच्या उजव्या अंगाला जमिनीलगत फिरणारे लवचिक काटे सुडीत घुसले, काडाचा भला मोठा लोळा एकदम आत ओढला गेला आणि टक्क असा आवाज होऊन सगळे जागीच थांबले. बेलरला पेलवेल त्याहून जास्त ओझे आले की आतला एक बोल्ट तुटतो आणि मोठी मोडतोड टळते.

"तुमचं ऐकलं आन् बोल्ट गेला," रत्नमाला म्हणाली. मग स्वतःच पुढे जोडले, "आन् मीबी ऐकलं, म्हंजी माझीबी अक्कल गेली."

ट्रॅक्टरवर सोबत आलेली तिची जोडीदार मोनाली पाना घेऊन यंत्राखाली शिरली. काकासाहेब ओशाळला. "मग उभं ठेवून हातानं घालायचं का? बाया आहेत, पटापट टाकतील."

"हातानं?" रत्नमालेचा आवाज चढला. "फिरत्या काट्यापुढं बाई उभी करू? काडासंगं हात आत गेला, तर मशीन काय विचारतंय का कुनाचा हाय म्हून? ते व्हायचं नाय."

चतुराबाई सुडीला टेकून खाली बसल्या. "म्हंजी माझ्याच हातानं मी गाई घालवल्या," त्या पुटपुटल्या.

रत्नमाला त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "काकू, तुमच्या रानात माझी सासू खुरपायला यायची. बायांना रानात कसं लावायच्या तुम्ही?"

"कसं म्हंजी? पात धरून. एकेकीला एकेक पात."

"आन् पात न देता समद्यांना एका जागी उभ्या केल्या तर?"

"मग गोंधळच की. कुनाचं काम कुनाला उरकत नाय."

"तसंच हाय ह्याचं. मशीनला पात लागती. पात द्या, मग बघा कसं खाली मान घालून चालतंय. तुमच्या त्या बाया हायेत ना अजून?"

 चतुराबाई उठल्या, पदर पुन्हा खोचला आणि बांधाखाली भाकरी खात बसलेल्या बायांना हाळी दिली. "ए, उठा गं! रचलेलं इस्कटायचंय!"

"आवो, सकाळी रचा, दुपारी इस्कटा. याड लागलं का काय तुम्हाला?"

"लागलंय. पाती धरा!"

एकदा पात हा शब्द निघाला आणि पुढचे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. शेजारच्या शेतातून मागून आणलेली ट्रॅक्टर-ट्रॉली सुडीशी लावून काड भरायचे आणि ट्रॉली शेतात सरळ चालत असताना मागून सारखे ओतत जायचे. मागोमाग दाताळी घेतलेल्या बाया ओळीच्या दोन्ही कडा आत ओढायच्या. रत्नमाला मध्येच ओरडायची, "रुंद झाली! मशीनच्या तोंडाएवढी ठिवा. बाहेर राहिलेलं त्याला दिसत नाय!" चतुराबाई सगळ्यांत पुढे. कुठे काडाचा लोळा पडला की दाताळ्याने फोडायच्या. काकासाहेबाने बूट काढून ठेवले आणि ट्रॉलीत चढून तोही काड ढकलू लागला.

चार ओळी झाल्या तोवर बोल्टही बसला होता. रत्नमालेने पहिली ओळ अशी धरली की ट्रॅक्टर एका बाजूने जाईल आणि काटे बरोबर ओळीवर येतील. आता यंत्राला त्याच्या मनासारखे मिळाले. काटे काड जमिनीवरून अलगद उचलू लागले, आतले दाते ते कोठीत सारू लागले आणि कोठीतला दट्ट्या दर ठोक्याला थरावर थर दाबत गेला. गठ्ठा भरला की सुया सुतळी ओढून आणायच्या, चोच वळायची, गाठ बसायची आणि मागून चौकोनी गठ्ठा बाहेर सरकायचा. पहिला गठ्ठा पडताच बायांनी दाताळी वर करून आरोळी ठोकली. रत्नमालेने मात्र मागे वळून फक्त गाठ पाहिली आणि गिअर बदलला.

ऊन कलले तरी तिने वेग वाढवला नाही. काकासाहेबाने दोनदा हाताने घाईची खूण केली, तिने दोन्ही वेळा हसून मान हलवली. एकदा चुकली होती, तेवढे तिला पुरेसे होते.

दिवस मावळायच्या आत सुडीच्या जागी नुसती पिवळी माती उरली. गठ्ठे विटांसारखे, एक थर उभा आणि एक आडवा, असे ट्रॉलीत रचले आणि शेडमध्ये उतरवले. शेड छतापर्यंत भरली आणि आत एक माणूस वळेल एवढी जागाही उरली.

चतुराबाईंचे समाधान अजून झाले नव्हते. त्यांनी तांबडी सोडून शेडपाशी आणली. "हिला आवडंल का असलं आवळून बांधल्यालं?" तांबडीने गठ्ठा हुंगला, कडेचे काड दातांत धरले आणि एवढ्या जोरात ओढले की अख्खा गठ्ठा हलला. पण गाठ सुटली नाही.

काकासाहेबाने खिशातून फोन काढला. "बद्रीनाथशेठ, उद्या येऊ नका. नाही, नाही. गाई घरातच राहणार."

 चतुराबाईंनी रत्नमालेच्या केसांत अडकलेले काड काढले आणि ते तांबडीला दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलंब्रीला निघताना रत्नमालेला वाटेत पुंडलिकाचे शेत लागले. तिथे हार्वेस्टर नुकताच फिरून गेला होता, काडाच्या ओळी सरळ पडल्या होत्या आणि पुंडलिकाची बायको दाताळे घेऊन आवरायला निघाली होती. बांधावर काठी आडवी धरून चतुराबाई उभ्या होत्या.

"हात लावू नको म्हनते ना! पात मोडशील मशीनची!"

रत्नमालेने हॉर्न वाजवला आणि ट्रॅक्टर शेतात वळवला. फुलंब्रीला थोडा उशीर होणार होता.