खरवडलेलं नाव

लेबर्ट शिंपी तसा दिलदार माणूस. शेजाऱ्याने घरावर मजला चढवला तर तो कौतुकाने बघायला जाई. पण आपल्याकडे नसलेली गाण्याची जुनी तबकडी दुसऱ्याच्या पेटीत दिसली, की त्याच्या पोटात दुखायला लागे आणि जेवण घशाखाली उतरत नसे. आणि ही दुसऱ्याची पेटी बहुतेक वेळा युस्टेस न्हाव्याची असायची.

किंग्स्टनमधल्या त्यांच्या गल्लीत दर रविवारी चर्चहून परतलेली मंडळी जेवून मिस पर्लीनच्या दारूच्या दुकानामागे जमत. दुपारभर जमैकाची जुनी नाचाची गाणी, स्का आणि रेगे; नवं काही नाही. तासभर युस्टेस गाणी लावी, तासभर लेबर्ट. गाणं आवडलं की लोक टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या आपटत, "परत लाव!" म्हणून ओरडत, आणि सुई उचलून गाणं पहिल्यापासून सुरू करावं लागे. युस्टेसच्या तासाला टेबल वाजलं की लेबर्टच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मयताच्या घरी सांत्वनाला जातो आणि पेट्या चाळून येतो हा," तो मिस पर्लीनला म्हणे. "म्हणून सापडतात याला असली गाणी!"

"तूही जात जा की मग," मिस पर्लीन म्हणे.

पण लेबर्टकडे एक हुकमी पत्ता होता. एक स्का. सुरुवातीला ट्रॉम्बोन हसल्यासारखा वाजतो, मागे गिटार ठोक्याच्या मधल्या फटीत चक् चक् करत राहते, आणि एक पोरसवदा आवाज कुणा मुलीला बाजाराच्या फाटकाशी थांब म्हणून विनवतो. तो आवाज वरच्या सुरावर आता फाटेल, आता फाटेल असं वाटतं, आणि फाटत नाही. हे गाणं अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. शोधणार तरी कसं? तबकडीवर नावच नव्हतं.

त्या काळी ही रीतच होती. नाचाला गाणी लावणारे लोक तबकडीवरचं नाव खरवडून टाकत, म्हणजे दुसऱ्याला ती मागवता येऊ नये. १९६४ साली, एकोणीस वर्षांच्या लेबर्टने तबकड्यांच्या दुकानात या गाण्याच्या दोन ओळी ऐकल्या आणि तबकडी उचलली. तेवढ्यात दारातून युस्टेस आत आला. लेबर्टने खिशातलं नाणं काढून तिथेच, गल्ल्यापाशी, तबकडीवरचा नावाचा कागद खरवडून पांढरा केला. घाईत नाव स्वतः वाचायचं राहूनच गेलं. कुणी विचारलं तर तो नुसता मिशीत हसे. आपल्यालाच नाव माहीत नाही, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही.

अशी चाळीस वर्षं गेली. मग एका रविवारी युस्टेसची थोरली बहीण, मिस आयसिल्डा, बर्मिंगहॅमहून आली आणि भलीमोठी टोपी घालून, तळलेल्या माशाची ताटली घेऊन पुढेच बसली. त्या दिवशी युस्टेसच्या तासाला टेबल तीनदा वाजलं. जळून खाक झालेल्या लेबर्टने पहिल्याच झटक्याला आपला पत्ता टाकला.

ट्रॉम्बोन हसला. आवाज आला. मिस आयसिल्डाचा घास हातातच राहिला.

"अगं बाई! हा तर आमचा युस्टेस! सतरा वर्षांचा होता मेला. बाबांचे बूट घालून गेला होता गायला!"

लेबर्टने सुई उचलली. "काहीतरीच काय!"

"खरं आहे रे," युस्टेस खाली बघत म्हणाला.

"मग चाळीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"त्या दिवशी मी दुकानात कशाला आलो होतो? माझी तबकडी कुणी घेतंय का ते बघायला. घेणारा तू एकटा. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझंच नाव खरवडत होतास. आधी वाटलं मुद्दाम करतोयस. मग तू ती माझ्यासमोरच मिरवत वाजवायला लागलास, तेव्हा कळलं, गाढवाने वाचलंच नाही!"

"अरे, मग सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं, तर वाजवली असतीस?"

लेबर्टने नसती वाजवली. त्याच दिवशी गुडघ्यावर मोडून टाकली असती. युस्टेसचं दुकान मोठं, युस्टेसची पेटी मोठी. हे एक तेवढं आपलं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आता तेही युस्टेसचंच निघालं.

टेबलावर डॉमिनो आपटायला लागले. पेटी मिटून सरळ घरी जावं, असं त्याच्या फार मनात आलं. कुणी अडवलं नसतं. हात पेटीच्या झाकणापर्यंत गेलाही.

मग त्याने सुई पुन्हा गाण्याच्या सुरुवातीला ठेवली आणि युस्टेसकडे पाठ करून उभा राहिला. कुठे सूर घसरतो का, कुठे दम कमी पडतो का, हे पकडायला तो कानात प्राण आणून ऐकू लागला. निदान एक तरी खोट त्याला हवी होती. गाणं संपलं. कुठेच काही चुकलं नव्हतं, आणि त्याचंच त्याला रडू आलं.